रिअ‍ॅक्ट राउटर 6: आठ महिने वापरल्यावर

आमचं अ‍ॅडमिन पॅनल आठ महिन्यांपूर्वी रिअ‍ॅक्ट राउटरच्या (पत्त्यानुसार कोणतं पान दाखवायचं ते ठरवणारी लायब्ररी) सहाव्या आवृत्तीवर आणलं. डावीकडे सात लिंक आणि पॅनल उघडल्यावर डॅशबोर्ड, एवढंच हवं होतं. जुने स्विच (पत्त्याला जुळणारं पान निवडणारं) आणि रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारं) काढून त्यांच्या जागी राउट्स आणि नॅव्हिगेट लावायचं काम दोन दिवसांत उरकलं. (रूट म्हटलं की टीममध्ये अजून विचारावं लागतं, मूळ की मार्ग?)

खरा वेळ गेला तो डीफॉल्ट पानात. 'अ‍ॅडमिन' या पत्त्यावरून मी नॅव्हिगेटने डॅशबोर्डवर पाठवत होतो. मग तक्रार आली, बॅक दाबलं तरी पान हलत नाही. हलणार कसं? मागे गेलं की 'अ‍ॅडमिन', आणि तिथून पुन्हा डॅशबोर्ड. नॅव्हिगेटला रिप्लेस लिहिल्यावर हिस्टरीतली जादा नोंद गेली आणि बॅक सुरळीत झालं. पुढे रिडायरेक्टच काढून इंडेक्स राउट (मूळ पत्त्यावरच दिसणारं पान) लावला. पत्ता तोच राहतो, आउटलेटच्या, म्हणजे आतलं पान दिसतं त्या, जागी डॅशबोर्ड येतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

नॅव्हलिंक, म्हणजे मेनूतल्या लिंकसाठीचा राउटरचा घटक, मला आवडलं. चालू लिंकला अ‍ॅक्टिव्ह क्लास आणि स्क्रीन रीडरसाठी 'aria-current' ही खूण ते स्वतःच लावतं. फक्त डॅशबोर्डची लिंक 'अ‍ॅडमिन'वर असल्यामुळे आतल्या प्रत्येक पानावर तीही ठळक दिसायची. तिला एंड (पत्ता तिथेच संपला तरच ठळक) लावलं. 'ऑर्डर्स'ला मुद्दाम लावलं नाही, कारण एखादी ऑर्डर उघडली तरी ती लिंक ठळक राहायला हवी.

दोन टिंबांनी ('..', म्हणजे एक पायरी वर) मात्र छळलं. ऑर्डर, तिचा क्रमांक आणि एडिट असा पाथ एकाच राउटमध्ये लिहिला होता, त्यामुळे पानावरची टिंबांची 'मागे' लिंक दाबली की ऑर्डरवर न जाता थेट डॅशबोर्ड. टिंबं पत्त्याचा एक तुकडा नाही, अख्खा राउट सोडून वर जातात. लिंकच्या रिलेटिव्ह या पर्यायाला पाथ दिलं की सुटतं, पण 6.4 च्या आधी ती सोयच नव्हती.

रिफ्रेशवर येणारा 404 ('पान सापडलं नाही') हा राउटरचा दोष नाही. अनोळखी पत्त्यालाही इंडेक्स फाइलच द्यायची, हे सर्व्हरला सांगावं लागतं. तेवढं केलं की चुकीचे पत्तेही 200 ('सगळं ठीक') देऊ लागतात, म्हणून तारांकित राउट (कुठेच न जुळलेला पत्ता पकडणारा) लागतोच. त्याची जागा शेवटीच हवी असं आता नाही. मी तिथून डॅशबोर्डवर पाठवत होतो, तो शहाणपणा अंगाशी आला: इनव्हॉइसच्या लिंकमध्ये एक अक्षर चुकलं होतं आणि तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. क्लिक केलं की डॅशबोर्ड, लोकांना वाटायचं असंच असेल. आता तिथे 'हे पान नाही' असं स्पष्ट येतं.