बर्फाच्या उतारावरून तरंगण्यासाठी काइट की स्पीड रायडिंगची विंग?

फ्रेंच आल्प्समधील कोल द्यु लोतारे या २,०५८ मीटर उंचीच्या खिंडीत हिवाळ्यात वारा चांगला असला, की स्कीवर उभे राहून काइटच्या, म्हणजे माणसाला ओढणाऱ्या मोठ्या पतंगाच्या, ओढीने डोंगर चढणारे लोक दिसतात. त्यांतील अनुभवी मंडळी त्याच काइटखाली लटकून उतारावरून तरंगतात. तसे करू पाहणाऱ्यापुढे दुसरा पर्यायही असतो, तो म्हणजे स्पीड रायडिंगची, म्हणजे स्की घालून उतारावरून वेगाने उडत जाण्याच्या खेळाची, पॅराग्लायडरसारखी छोटी विंग.

काइट मुळात ओढण्यासाठी असतो. त्याच्या दोऱ्या साधारण २० मीटर लांब असतात, भार अंगाला बांधलेल्या पट्ट्याच्या (हार्नेसच्या) एका हुकावर येतो आणि दोऱ्या ताणलेल्या असतील तोवरच ताबा राहतो. वारा उताराला समोरून भिडून वर चढत असेल, तर काइट डोक्यावर स्थिर ठेवून चांगले तरंगता येते. कामशेतला ज्यांनी डोंगरकड्यासमोर पॅराग्लायडिंग केले आहे, त्यांना ही उचल ओळखीची वाटेल. मात्र वारा अचानक मंदावला, तर काइट पुढे निघून जातो, दोऱ्या सैल पडतात आणि तो मिटू शकतो; उलट बार, म्हणजे काइट हाकण्याचा हातातला दांडा, फार ओढून धरला, तर काइट स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो. काइटची ओढ झटक्यात तोडणारा आणि जमिनीवर जीव वाचवणारा क्विक रिलीज हवेत वापरला, तर उचलच संपते. म्हणून पडलो तरी निभावेल, इतक्याच उंचीवर राहावे, असे माझे ठाम मत आहे. कड्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला तर जाऊच नये, कारण तिथे हवा भोवऱ्यासारखी खाली येते आणि वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ साचल्याने हिमस्खलनाचाही धोका असतो.

विंग उडण्यासाठीच घडवलेली असते. दोऱ्या आखूड, भार दोन्ही बाजूंच्या रायझरवर (दोऱ्यांना हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर) विभागलेला आणि वारा जवळजवळ नसतानाही उतारावरून घसरत उड्डाण घेता येते. परंतु तिचे क्षेत्रफळ पॅराग्लायडरपेक्षा बरेच कमी असल्यामुळे वेग मोठा असतो, चूक सुधारायला क्षणभरच मिळतो आणि चढण पायी किंवा लिफ्टनेच पार करावी लागते.

ज्याला मुख्यतः उडायचे आहे, त्याने प्रशिक्षकाकडे विंग शिकावी. वाऱ्यावर चढण्यातच ज्याचा आनंद आहे आणि तरंगणे ही वरची भर आहे, त्याने काइट घ्यावा, तोही हवा भरण्याच्या नळ्यांचा नव्हे, तर बंद कप्प्यांचा फॉइल (पॅराग्लायडरसारखा कापडी काइट), कारण तो जास्त लांब तरंगतो. नॉर्वेतील हार्दांगरविद्दासारख्या विस्तीर्ण पठारावर तर काइटच उपयोगी, कारण तिथे विंगला पुरेसा उतार क्वचितच मिळतो.