बॉब डिलनचा ‘शॅडोज इन द नाइट’: आठ महिने, एक भांडण आणि दहावं गाणं

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या या अल्बमची सीडी घेऊन आठ महिने झाले. अल्बम २०१५चा आहे. जुन्या जमान्यातला अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा, त्यानं पूर्वी गायलेली दहा गाणी डिलननं सत्तरी ओलांडल्यावर गायली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मी लिहायला बसलो ते दहावं गाणं अडकायला लागलं म्हणून.

आधी पैशाचं. ७४९ रुपये, वर टपालखर्च. आणि मिनिटं किती? ३५! सत्तरच्या वर मिनिटं मावतात त्या तबकडीवर निम्मी जागा रिकामी. एका गाण्याला ७५ रुपये पडले. आमच्या लातुरात उन्हाळ्यात पाणी घागरी मोजून भरलेलं आहे, मोजायची सवय जात नाही. पहिले दोन महिने तोच राग डोक्यात होता. त्यात गाडीत लावली. अंबाजोगाई रोडला इंजिनाच्या आवाजात डिलन ऐकूच येईना, सगळी गाणी एकाच संथ चालीची वाटली. ‘आवाज गेलेल्या माणसानं हे गायलाच नको होतं’ असं मी मित्राला कळवून टाकलं.

ते मत मी मागं घेतो. एप्रिलात एका रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि मी सेलवर चालणारा जुना प्लेअर काढला. तेव्हा कुठं अल्बम ऐकला. मूळ गाण्यांतला मोठा वाद्यवृंद काढून मुख्यतः पाच वादकांवर काम भागवलंय. व्हायोलिनच्या ताफ्याची जागा एकटी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, पायाच्या पट्ट्यांनी सूर वर-खाली करत वाजवायची गिटार) भरून काढते, सूर ओढत ओढत. हॉलिवूडच्या ज्या कॅपिटल स्टुडिओत सिनात्रा गायचा तिथंच हे रेकॉर्डिंग झालं. सगळे एका खोलीत. हेडफोन नाहीत, गायकाला वेगळी केबिन नाही, नंतर वरून काही चढवलेलं नाही. म्हणून ओळ सुरू व्हायच्या आधी त्यानं घेतलेला श्वाससुद्धा कळतो. वरच्या सुराला आवाज चिरकतो, पण शब्द एकही निसटत नाही. काकड्याला आमच्या गल्लीतले एक आबा गायचे, त्यांचं असंच होतं.

आता ते दहावं गाणं, ‘दॅट लकी ओल्ड सन’. राबणारा माणूस बायकोशी कटकट करतो, लेकरांसाठी घाम गाळतो, आणि सूर्य दिवसभर आभाळात निवांत फिरतो. डिलननं हेच गाणं १९८५च्या सप्टेंबरात पहिल्या ‘फार्म एड’मध्ये गायलं होतं. कर्जात बुडालेल्या अमेरिकन शेतकऱ्यांसाठीचा तो कार्यक्रम त्याच्याच बोलण्यातून निघालेला. जुलैत, आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांना मदत म्हणून झालेल्या ‘लाइव्ह एड’च्या मंचावर, यातले थोडे पैसे आपल्या शेतकऱ्यांची कर्जं फेडायला वापरता येतील, असं तो बोलून गेला होता.

हे गाणं ऐकून आमच्या घरच्या अण्णांनी विचारलं, “काय म्हणायलाय रे हा?” मी अर्थ सांगितला. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरं हाय की. त्या सूर्याला का बँकेचा हप्ता भरायचाय?”

आणि नेमकं हेच गाणं सहाव्या महिन्यात सुरू होताच कटकट करत अडकायला लागलं. विक्रेत्याला फोन केला. दहा दिवसांनंतर तक्रार घेत नाही म्हणाला, तेही अर्धवट ऐकून. मी स्वखर्चानं, ९० रुपये कुरिअरला घालून सीडी परत पाठवली. तीच सीडी तशीच परत आली, सोबत चिठ्ठीही नाही. या अनुभवाला मी एक तारा देणार होतो.

पण मिनिटं मोजायची सवय कामाला आली. दहावं गाणं साधारण साडेएकतिसाव्या मिनिटाला सुरू होतं. दुसरी सीडी लावून पाहिली, तीही तिथंच आसपास अडकली! गंजगोलाईच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडं प्लेअर नेला. लेन्स ज्या दांडीवरून आतून बाहेर सरकते तिच्यावरचं ग्रीस वाळून त्यात धूळ बसली होती. त्यानं कापसानं दांडी पुसली, नवं ग्रीस लावलं, ८० रुपये घेतले. सीडीत दोष नव्हताच. विक्रेत्याबद्दलची तक्रार त्यामुळं मी मागं घेतली. फोनवरचं बोलणं मात्र चुकीचंच होतं, तेवढं राहू दिलंय.

५००च्या आत मिळाली तर डोळे झाकून घ्या. ७४९ला घ्यायची असेल तर गाडीसाठी घेऊ नका. रात्री कूलर बंद करून ऐका. आमच्याकडं अण्णा जेवण झालं की आता स्वतःच म्हणतात, “ते सूर्याचं लाव.”