हिकरीचा लाँगबो, आठ महिने वापरून: टोकावरची ती आडवी पट्टी

धनुष्य चांगलंच आहे, हे आधी सांगतो. 40 पौंड ओढीचं, हिकरी लाकडातून हातावर बनवलेलं, एप्रिलपासून पोटाला (नेमबाजाकडच्या बाजूला) एक चीर नाही. पण जुलैत चिपळूणचा पाऊस ऐन भरात असताना दोरी चढवायला गेलो, खालच्या टोकावर ‘टक्’ झालं आणि ओव्हरलेचा, म्हणजे टोकावर मजबुतीसाठी चिकटवलेल्या लाकडी पट्टीचा, अर्धा तुकडा पायाशी.

बनवणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर: “फास्टफ्लाइट लावलीत ना? मग वॉरंटी नाही.” पावतीवर त्यानेच ‘फास्टफ्लाइट चालेल’ असं लिहिलंय, ते सोडा. डॅक्रॉनची दोरी ताणली जाते, झटका स्वतःच शोषते. फास्टफ्लाइट ही कमी ताणली जाणारी दोरी, ती झटका थेट टोकाला देते. म्हणून दोन दिवस मीही दोरीलाच दोष दिला.

मग तुकडा उजेडात धरला. दोरी अडकते त्या खाचेतून चिक्कीसारखा सरळ आडवा मोडलेला. पट्टे सुंदर दिसावेत म्हणून लाकडाच्या रेषा धनुष्याच्या रुंदीत ठेवल्या होत्या! लाकूड रेषेच्या दिशेने सहज फाटतं, आणि इथे तीच दिशा नेमकी खाचेवर. शिवाय दमटपणात लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. म्हणजे पावसाळाभर खालची हिकरी आणि वरची पट्टी गोंदावर एकमेकांशी भांडत होत्या.

गल्लीतले सुतारकाका म्हणाले, “अहो, उभ्या लाकडावर आडवं कोण चिकटवतं?” आणि मोडक्या पलंगाचा शिसवी तुकडा फुकट दिला. त्यातून कापलेली पहिली पट्टी गोल कानशीखालीच फाटली. रेषा उभ्या होत्या, पण तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत होत्या. दुसरी निवडताना रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते ना, ते बोट फिरवून पाहिलं. शिसव तेलकट, म्हणून ॲसिटोनने पुसली, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडली, अराल्डाइट लावून पूर्ण दिवस दाबून ठेवली. खर्च 145 रुपये. दुरुस्तीचे धनुष्य बनवणाऱ्याने 1,800 मागितले होते, कुरिअर वेगळं. चार महिने झाले, तीच फास्टफ्लाइट, हू की चू नाही.

आता पंचाईत अशी की वरच्या टोकाची आडवी पट्टी अजून शाबूत आहे. खालचं टोक मी ओल्या गवतात टेकवत होतो आणि स्ट्रिंगरचे (दोरी चढवायच्या साधनाचे) पैसे वाचवायला बुटाशी अडकवून दोरी चढवत होतो, हेही कबूल. धड असलेलं टोक उकरायला जीव होत नाही. शिसवीचा उरलेला तुकडा डब्यात ठेवलाय.