वाचनाला सोबत हवी आहे: वॉट्सअॅपचा गट, ऐकण्याची बैठक की ग्रंथालयातला कट्टा?

गोव्यात आपण वाचतो मराठी, आणि वाचलेल्यावर बोलायला तोंड उघडलं की बहुतेकांच्या तोंडी कोंकणी येते. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत, आमच्या फोंड्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे कपाटात मराठी पुस्तकं आहेत आणि स्वयंपाकघरात कोंकणी. वाचनाला सोबत शोधणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. मी तिन्ही ठिकाणी राहिले आहे: वॉट्सअॅपच्या गटात, दर आठवड्याच्या ऑनलाइन बैठकीत आणि ग्रंथालयात भरणाऱ्या कट्ट्यावर. तिन्हींत पुस्तकं तीच असतात, पण कोण किती बोलतं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वॉट्सअॅपपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथूनच करतात. खर्च नाही, शिकायचं काही नाही, आणि एका गटात १०२४ जण मावतात. पण वाचनाच्या गटाला हा मोठा आकडाच मारतो. मी होते त्या मोठ्या गटात सकाळी सुविचार, दुपारी कुणाच्या तरी सत्काराचे फोटो, आणि मधेच कालपरवा छापून आलेल्या पुस्तकाची आख्खी पीडीएफ. शेवटच्या गोष्टीने मला फार वाईट वाटायचं. लेखकाने वर्षं घालवून लिहिलेलं पुस्तक आपण प्रेमाच्या नावाखाली फुकट वाटत होतो. मग आम्ही बारा जणांनी वेगळा गट केला. तिथे हे सगळं थांबलं, पुस्तकांची माहिती छान मिळू लागली, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते कळू लागलं. तरी लिहिणारे तेच तिघे-चौघे. बाकीचे अंगठा दाखवत, हात जोडत. मला वाटायचं, यांना रस नाही. खरं कारण पुढे कळलं: चार माणसांत मराठी लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती, आणि कोंकणीत लिहिलं तर गटाला चालेल की नाही ही शंका.

हे कळलं ते ऑनलाइन बैठकीत. आमची बैठक गुरुवारी रात्री साडेआठला असते. एकजण दहा-बारा पानं मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मग ज्याला बोलायचं तो बोलतो. झूमवर फुकटात चाळीस मिनिटं मिळतात, गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तर साठ. आम्ही वॉट्सअॅपचाच ध्वनिकॉल घेतो. त्यात बत्तीस जण बसतात आणि चित्र नसल्यामुळे गावातल्या अशक्त नेटवर्कवरही तो टिकतो. चेहरे दिसत नाहीत याची चुटपुट पहिले दोन आठवडे वाटली, नंतर नाही. उलट बायका स्वयंपाक आवरता आवरता ऐकू लागल्या.

जुलैतली एक रात्र सांगते. त्या आठवड्यात धर्मानंद कोसंबींचं आत्मकथन चाललं होतं. साखवाळला जन्मलेला हा माणूस बौद्ध धर्माच्या शोधात १८९९ मध्ये घर सोडून निघाला, पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून. तो भाग मी वाचत होते. सत्तरीतल्या काकीकडे वीज गेली होती, तिच्या कौलांवरचा पाऊस आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. मी थांबले तेव्हा क्षणभर नुसता तो पाऊसच ऐकू आला. मग काकीचा आवाज आला, "आनी तिणें कितें केलें गो?" तिने काय केलं, असं ती विचारत होती. तिने, म्हणजे मागे राहिलेल्या बायकोने. गटात दीड वर्षात जोडलेल्या हातांपलीकडे काही न पाठवणारी ही काकी. पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्या एकाच प्रश्नावर बोललो. कुणी मराठीत, कुणी कोंकणीत, बरेचसे दोन्हींत. एकीने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले पुरुष आणि गावात घर सांभाळणाऱ्या बायका, हे आपल्याकडे घरोघरी आहे. असं काही लिहून कुणी पाठवलं असतं का? मला नाही वाटत.

अशा बैठकीसाठी पुस्तक निवडताना हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, विचार करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. कोसंबी १९४७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २००८ पासून सर्वांना खुलं आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं २०११ पासून. मराठी विकिस्रोतावर असं हक्कमुक्त साहित्य मिळतं, ते सगळ्यांना आधी पाठवता येतं. नवं पुस्तक घेतलं तर ज्याने त्याने विकत घ्यावं किंवा ग्रंथालयातून आणावं. त्यामुळे आमच्याकडे एक नवं, एक जुनं असा क्रम पडला आहे.

बैठकीचा दोषही सांगते. चुकलं तर चुकलं. गुरुवारी घरी पाहुणे आले, चवथीचे दिवस आले, की धागा तुटतो. मागे काही उरत नाही, कारण आम्ही मुद्दाम ध्वनिमुद्रण करत नाही. रेकॉर्ड होतंय म्हटलं की माणसं पुन्हा जपून बोलतात.

ग्रंथालयातल्या कट्ट्याची ओढ वेगळी. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. कदंबा बसस्थानकावरून चालत जाता येतं. मडगावकरांना गोमंत विद्या निकेतन ही संस्था जवळ पडते. पुस्तक हातात घेऊन दुसऱ्याला देणं, "हे वाच, मग बोलू" म्हणणं, याची सर फोनला येणार नाही. पण वाळपईहून येणाऱ्या बाईला संध्याकाळचा कार्यक्रम परवडत नाही. परतीच्या बसचा घोर तिला अर्ध्या चर्चेतून उठवतो. पावसाळ्यात तर येणंच अवघड. शिवाय अशा जागी माणसं थोडी सभेसारखी बोलू लागतात, नवखा मागच्या खुर्चीवर गप्प राहतो. पणजी, पर्वरी, ताळगावात राहत असाल आणि चारचौघांत बोलायची सवय असेल, तर मात्र बेलाशक कट्टाच निवडा.

गुडरीड्ससारख्या संकेतस्थळांबद्दल थोडक्यात: स्वतःची यादी ठेवायला ठीक. मराठी पुस्तकांच्या नोंदी तुटपुंज्या, गप्पा बहुतेक इंग्रजीत.

तर एकच निवडायचं असेल, आणि तुम्ही गावात राहत असाल, तर आठवड्याच्या ध्वनिबैठकीला माझं मत. आठ ते बारा माणसं पुरेत. वार आणि वेळ बदलू नका. वाचणारा दर वेळी नवा असू दे, अडखळला तरी. कोंकणीत बोललेलं चालतं हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. लहान वॉट्सअॅप गट सोबत असू द्या, पण फक्त निरोपांसाठी. कट्ट्याला वर्षातून दोन-तीनदा सगळ्यांनी मिळून जा, दिवसाउजेडी.

एका माणसाच्या बाबतीत माझं हे मत लागू पडत नाही. आमच्यातल्या डिचोलीच्या काकांना ऐकू कमी येतं. ते आदल्या दिवशी पानांचे फोटो मागवून घेतात, गुरुवारी ती समोर ठेवून बसतात आणि वाचन संपलं की गटात दोन ओळी लिहून पाठवतात. त्या ओळी आम्ही आधी मोठ्याने वाचतो, मग बाकीच्यांची पाळी येते.