फोटो की लघुपट? गोव्यातल्या गावांत कॅमेरा घेऊन जाण्यापूर्वी

पौषात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मांडावर, म्हणजे गावाच्या नाचगाण्याच्या अंगणात, मी रात्री उशिरापर्यंत धालोचे, बायकांच्या गाण्या-नाचाचे, फोटो काढले. आठवड्याने प्रिंट घेऊन परत गेलो. पुढच्या रांगेतल्या आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला, स्वतःला ओळखलं, हसली आणि म्हणाली, "बरो आयला रे. पूण आमी म्हणटात तें खंय गेलें?" (छान आलाय रे. पण आम्ही म्हणतो ते कुठे गेलं?)

गोव्याची कला, इतिहास, लोकजीवन टिपायचंय, पण फोटो काढू की शॉर्ट फिल्म करू, असं कोणी विचारलं की मला ती आजी आठवते. कॅमेरा कुठला घ्यायचा ते नंतर पाहू. जे टिपायचं त्याचा आवाज काढून टाकला तर काय उरतं, एवढं आधी बघा.

काहीच बिघडत नसेल तर फोटो

भिंतीवरची कावी कला घ्या. चुन्याच्या गिलाव्यावर काव (तांबडी माती) मिसळलेला तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. फुलांची वर्तुळं कंपासने आखलेली असतात. पेडणे, डिचोली भागातल्या जुन्या देवळांत भिंतीजवळ नाक नेलंत तर क्वचित कंपासचं टोक रुतल्याची बारीक खळीसुद्धा सापडते. ती खळी दाखवायला फोटोच हवा. बाजूने तिरपा उजेड, कोपऱ्यात मोजपट्टी, आणि आधी पूर्ण भिंत, मग तुकडा. लघुपटात हीच भिंत चार सेकंदांत सरकून जाते. शिवाय जीर्णोद्धारात अशा भिंतींवर टाइल्स किंवा ऑइलपेंट चढतो, तेव्हा मोजपट्टीसकट काढलेला फोटो हाच पुरावा उरतो.

सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळची कातळशिल्पंही याच रांगेत. कुशावतीच्या काठावर आडव्या जांभ्या कातळात बैल, हरणं, मोर आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं वर्तुळ. भर दुपारी गेलात तर पायाखाली नुसता दगड दिसेल. सकाळी किंवा उन्हं कलताना रेषांत सावली भरते आणि बैल अचानक उठून दिसतो. पावसाळ्यात जाऊ नका, नदीचा गाळ वर येतो. इथे व्हिडिओ करायचाच तर नदीचा आवाज आणि दहा सेकंदांचा एक शॉट पुरे.

आवाजाबरोबर जीवच जात असेल तर लघुपट

घुमट हे वाद्य दिसतं मातीच्या मडक्यासारखं. एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. वाजवणारा उघड्या तोंडावर तळहात झाकतो-उघडतो, त्यावर नादाचा चढउतार. फोटोत हात दिसतो, काय करतो ते कळत नाही. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा झालं आणि आता बकऱ्याचं वापरतात. दोन्हींच्या नादातला फरक जुने वादक तासभर सांगतील. तो तासभर रेकॉर्ड केला नाहीत, तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीचे शंभर फोटो काढून काय मिळवलंत?

दुसरं उदाहरण कुर्डी. साळावली धरणात बुडालेला गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा १९०४ चा जन्म इथला. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती, विहिरी, वाटा वर येतात आणि गावकरी देवळाच्या आणि कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) उत्सवासाठी परत येतात. तडकलेल्या चिखलाचे फोटो देखणे येतात, आणि तीच पंचाईत आहे. दरवर्षी तेच देखणे फोटो निघतात. पण एखादा म्हातारा रिकाम्या जागेत उभा राहून "हांगा आमची रांदची कूड" (इथे आमचं स्वयंपाकघर) म्हणत दार कुठे होतं ते हाताने दाखवतो, त्याला हलतं चित्र आणि आवाज दोन्ही लागतं.

घोडेमोडणी, म्हणजे शिगम्यातला (गोव्यातल्या होळीच्या सणातला) घोड्याचा नाच, या दोन्हींच्या मधली. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशावर पुढेमागे पावलं. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर नर्तक गोठतो, १/३० ला हातातली तलवार रेघ होऊन जाते. दोन्ही फोटो छान लागतात. तालही हवा असेल तर व्हिडिओ घ्या, पण ढोलाच्या अगदी जवळ फोन धरू नका. माझ्या पहिल्या शिगम्याचं सगळं रेकॉर्डिंग फाटलेलं आहे. आवाजाची पातळी हाताने कमी करायची असते हे मला घरी आल्यावर कळलं.

खिसा आणि वेळ

फोनवर 'फोर-के'मध्ये तासभर चित्रण केलं की फोनच्या सेटिंगप्रमाणे साधारण १० ते २० जीबी जागा जाते. तेवढ्यात काही हजार फोटो मावतात. पण खरा खर्च जागेचा नाही, एडिटिंगचा. मी केलेल्या आठ मिनिटांच्या फिल्मला रोज संध्याकाळी बसून दीड महिना लागला, तरी एक मुलाखत वाऱ्याच्या आवाजामुळे टाकून द्यावी लागली. नोकरी सांभाळून करणाऱ्यांच्या हार्ड डिस्कवर अर्धवट फिल्म्स पडून राहतात, हे मी स्वतःवरून सांगतो. फोटोमालिका वीस चित्रांची असली तरी पुरी होते आणि देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या भिंतीवर लावता येते. लघुपट दाखवायला पडदा, वीज आणि बसून पाहणारी माणसं लागतात. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो म्हणून आपली पहिली फिल्म तिथेच पोचेल, अशी स्वप्नं मात्र आवरती घ्या.

परवानगीच्या बाबतीतही फोटोवाला हलका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड उघडला की परवानगीचा कागद मागतात. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, त्यामुळे ड्रोन उडवण्यापूर्वी नकाशावर हद्द बघाच. मांडावर चप्पल काढून जायचं आणि धालोत पुरुषाने कॅमेरा काढण्याआधी बायकांना विचारायचं. लग्नाच्या व्हिडिओवाल्यासारखा दिवा कोणाच्या तोंडावर मारू नका.

हाती फक्त फोन आणि पुढच्या शिगम्यापर्यंतचे रविवार असतील, तर माझा कौल फोटोंना. फक्त सोबत एक साधा रेकॉर्डर ठेवा. स्थिर चित्रांखाली खरा आवाज घातला की तीन मिनिटांचा तुकडा दोन रात्रींत तयार होतो. मी आता धालोचं असंच करतो. अडचण एवढीच की आजीला ते फोनवर ऐकवलं की ती दरवेळी म्हणते, तिसरं कडवं चुकलंय, परत म्हणते, घे रेकॉर्ड कर.