नौपाड्यातला ब्लॉकचेनचा वर्ग: दोन रविवार, पंधराशे रुपये

पतपेढीत २८ वर्षं रोजकीर्द लिहिली. त्यामुळे ब्लॉकचेनमध्ये मध्ये बँक नाही, मालक नाही आणि तरी हिशेब चोख, हे काही मला पटत नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा एकदा शिकून ये." ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर हा वर्ग भरतो. आम्ही अकरा जण होतो, साठीच्या पुढची मी एकटीच.

पहिल्या तासालाच माझी गाठ सुटली. रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागची बाकी ओढतो. जुन्या पानावर खाडाखोड केली की पुढची सगळी पानं खोटी पडतात. ब्लॉक म्हणजे असंच एक पान, आणि त्यात मागच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेली खूण, असते ती याचसाठी. शिवाय हीच वही हजारो संगणकांवर असते. हे मी बोलून दाखवलं तर सरांनी मला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना पुन्हा सांगायला लावलं.

मग मोबाइलवर मेटामास्क हे क्रिप्टोचं पाकीट उघडून दिलं. पाकिटाची किल्ली असलेले बारा शब्द कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही, हे सर तीनदा बजावतात आणि बरंच करतात. सेपोलिया या सरावाच्या जाळ्यावर खोटे इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं) पाठवायचे होते. शेजारच्या मुलाने ग्रुपवरून भलताच पत्ता कॉपी केला. बारा-पंधरा सेकंदांत व्यवहार पक्का. "काकू, आता परत कसे आणायचे?" आणता येत नाहीत. अर्ज द्यायला शाखाच नाही. ही गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना एकदम कळली.

दुसरा रविवार सगळ्यात चांगला गेला. इथेरियम २०१५ साली सुरू झालं, त्यावर व्यवहाराचे नियमच कोडमध्ये लिहून ठेवता येतात. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. सरांनी भिशीचंच उदाहरण घेतलं. हप्ते जमा, पाळी आली की रक्कम आपोआप त्याच्या खात्यात. मी विचारलं, चौथ्या महिन्यात कुणी हप्ता भरलाच नाही तर? कोड दारात जाऊन वसुली करत नाही. म्हणूनच अशा कोडवर चालणाऱ्या अ‍ॅप्सवर कर्ज हवं तर सहसा कर्जापेक्षा जास्त तारण आधी ठेवावं लागतं. आमच्या सोनेतारणासारखंच! कोडमध्ये फट राहिली तर काय होतं, तेही लपवलं नाही: २०१६ मध्ये 'द डाओ' या कोडवर चालणाऱ्या गुंतवणूक निधीमधून ३६ लाख इथर असेच निघून गेले.

तक्रार एकच, पण ती मोठी. कराबद्दल अवाक्षर नाही. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, जुलैपासून १ टक्का टीडीएस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. वर्गातली तरुण मुलं लगेच खरे पैसे घालायला निघाली होती. त्यांना हे त्याच खोलीत कळायला हवं होतं. मी सरांना तसं सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

जाताना चार्जर न्या, खोलीत प्लग दोनच आहेत.