गेम पासमधलं ऑल-२२ : सेफ्टी बघायचा असेल तर पैसे वसूल

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अख्ख्या एनएफएल गेम पासचा (अमेरिकन फुटबॉल लीगच्या मॅचेस दाखवणारं सबस्क्रिप्शन) नाहीये, त्यातल्या एकाच गोष्टीचा आहे, ऑल-२२ फिल्म, म्हणजे सगळं मैदान दिसणारं मॅचचं रेकॉर्डिंग. लाइव्ह मॅचेस, रेडझोन वगैरेंवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. ऑल-२२ वर लिहायचं कारण म्हणजे मुंबईत एनएफएल बघणारे आपण मूठभर, त्यातल्या निम्म्यांना हे आपल्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे हेच माहीत नसतं, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट (टीम्स आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) झाला की ग्रुपवर तोच वाद, हा नवीन सेफ्टी पाच फूट नऊ इंच आहे, हा काय टिकणार, तो सहा फूट चारवाला सोडला कशाला. या वादात बोलायचं असेल तर आधी ऑल-२२ बघा, इतकं साधं आहे.

कारण सेफ्टी टीव्हीवर दिसतच नाही. डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा हा गडी, बहुतेक वेळा दोघं असतात, आणि टीव्हीचा कॅमेरा असतो बॉल टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर आणि दोन्ही टीम्स समोरासमोर भिडतात त्या लाइनवर. सेफ्टी उभा बारा-पंधरा यार्ड मागे, म्हणजे फ्रेमच्या बाहेर. बॉल हवेत गेला की कॅमेरा वळतो आणि आपल्याला फक्त शेवटची धडक दिसते. आता धडकेत मोठ्या अंगाचा माणूस भारी दिसणारच ना! त्याआधीच्या दोन-तीन सेकंदात तो कुठे होता, कधी सरकला, कोणाकडे बघत होता, चुकीच्या बाजूला वळून मग परत फिरला का, हे काहीच दिसत नाही. ऑल-२२ मध्ये बावीसच्या बावीस प्लेअर एका फ्रेममध्ये असतात, प्रत्येक प्ले, म्हणजे प्रत्येक चाल, दोनदा दिसतो, एकदा साइडलाइनवरून उंचावरून आणि एकदा एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा गोलचा पट्टा) मागून. कॉमेंट्री नाही, म्युझिक नाही, जाहिरात नाही.

कबड्डी बघत मोठा झालेल्या माणसाला हे पटकन कळेल. सगळे डोळे रेडरवर, पण पकड झाली ती कॉर्नरवाला अर्धं पाऊल आधी सरकला म्हणून, आणि ते ज्याने बघितलं त्यालाच मॅच कळली.

माझं मत आता सरळ लिहितो. साइजवरून एवढंच ठरतं की या पोराला कुठे उभं करायचं. तो यशस्वी होणार की नाही हे ठरतं त्याच्या डोळ्यांवर आणि पळण्याच्या अँगलवर. आणि हे मी अंदाजपंचे बोलत नाहीये, २०१० चा ड्राफ्ट काढून बघा.

त्या वर्षी टेलर मेज नावाचा सेफ्टी होता, यूएससी कॉलेजचा, सहा फूट तीन इंच, २३० पाउंड म्हणजे १०४ किलो, आणि एवढं अंग घेऊन पळणं लांबचे बॉल झेलणाऱ्या रिसिव्हरसारखं. कागदावर यापेक्षा चांगला सेफ्टी कोणी बनवू शकत नाही. त्याचे कॉलेजचे कोच पीट कॅरोल नेमके त्याच वर्षी सिएटलच्या टीमचे कोच म्हणून गेलेले, म्हणजे या पोराला त्यांच्याइतकं कोणीच ओळखत नव्हतं. सिएटलचा १४ वा पिक, म्हणजे निवडीचा नंबर, आला तेव्हा कॅरोलनी मेजला सोडलं आणि घेतला पाच फूट दहा इंचाचा अर्ल थॉमस! मेज ४९ व्या नंबरवर सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे एक सीझन काढला आणि मग सिनसिनाटीत बहुतेक बॅकअप म्हणूनच राहिला. आता यावरून कोणी म्हणेल की कॅरोलना मोठे सेफ्टी आवडतच नव्हते, तर तसंही नाही, कारण त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडला त्यांनी कॅम चॅन्सेलर उचलला, सहा फूट तीन. थॉमसला ठेवला एकदम मागे, एकट्याने मैदानाची मधली सगळी बाजू सांभाळायला, आणि चॅन्सेलरला आणला पुढे, लाइनच्या जवळ. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, याच जोडीच्या डिफेन्सने डेन्व्हरला ४३-८ ने झोपवलं. एक लहान, एक मोठा, दोघांचं काम वेगळं.

आता रुकीचंच, म्हणजे पहिल्या सीझनच्या पोराचंच, बोलायचं तर अँटवान विनफिल्ड ज्युनियर. पाच फूट नऊ इंच, २०२० ला दुसऱ्या राउंडमध्ये ४५ व्या नंबरवर टॅम्पाने घेतला (याचे वडील पण पाच फूट नऊ, कॉर्नरबॅक म्हणजे कडेला रिसिव्हरला अडवणारे, तीन वेळा प्रो बोल या ऑल-स्टार मॅचसाठी निवडलेले, म्हणजे लहान चणीने मोठ्यांना कसं आडवं करायचं हे घरातच शिकलेला). त्या सीझनमध्ये नोव्हेंबरच्या मॅचला कॅन्सस सिटीचा रिसिव्हर टायरीक हिल याने टॅम्पाविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये २०३ यार्ड काढले होते. मग फेब्रुवारी २०२१ ला सुपर बोलमध्ये परत तीच टीम समोर. टॅम्पाने काय केलं, दोन्ही सेफ्टी मागे खोल ठेवले आणि हिलच्या डोक्यावरून बॉल जाऊच दिला नाही. कॅन्सस सिटीला ३१-९ च्या त्या मॅचमध्ये एकही टचडाउन (बॉल एंड झोनमध्ये नेणं) मिळाला नाही आणि विनफिल्डने रुकी असून समोरच्यांचा बॉल मध्येच झेलून इंटरसेप्शन काढली. आता अशा मॅचमध्ये टीव्हीवर काय दिसतं, क्वार्टरबॅक महोम्स जिवाच्या आकांताने पळतोय एवढंच. तो बॉल का टाकत नाहीये हे बघायला मागचे दोघं दिसायला लागतात, आणि त्या मागच्या दोघांत हा पाच फूट नऊवाला. तिथे उंची मोजून काय करणार?

त्याचाच अजून एक प्ले, ७ जानेवारी २०२४, कॅरोलिनाविरुद्ध. डीजे चार्क, सहा फूट चारचा रिसिव्हर, बॉल घेऊन सुटला आणि टचडाउन होणार म्हणून सगळ्यांनी धरलेलंच. विनफिल्डने मागून गाठला. अंगावर झेप टाकून पाडायचा प्रयत्न केला असता तर चार्क पडता पडता आत गेला असता, म्हणून याने अंगाला सोडलं आणि गोल लाइनच्या तोंडाशी हात घालून बॉलवर ठोसा मारला. बॉल सुटून एंड झोनमधून बाहेर गेला, टचबॅक, बॉल टॅम्पाला. टॅम्पा ती मॅच ९-० ने जिंकली आणि आपला गट, म्हणजे डिव्हिजन, पण. हा प्ले थांबवून थांबवून बघा, कुठेही ताकदीचं काम नाहीये, पळणं न सोडणं आणि हात कधी घालायचा ते कळणं, बस.

पण साइज फालतू आहे असं कोणी म्हणत असेल तर तेही मला मान्य नाही. काइल हॅमिल्टन बघा, सहा फूट चार, जवळजवळ १०० किलो, बाल्टिमोरचा. २०२२ च्या ड्राफ्टआधी ४० यार्ड ४.५९ सेकंदात पळाला तर लोक म्हणायला लागले स्लो आहे, आणि तो १४ व्या नंबरपर्यंत खाली आला. २०२३ मध्ये इंडियानापोलिसविरुद्ध त्याने एका मॅचमध्ये तीन सॅक काढले (सॅक म्हणजे बॉल टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं), सेफ्टीने तीन सॅक! हे लांब हात आणि अंग असल्याशिवाय रोज जमणारं काम नाही. ट्रॅव्हिस केल्सीसारखा सहा फूट पाचचा टाइट एंड (लाइनजवळून सुटून बॉल झेलणारा धिप्पाड गडी) उडी मारून बॉल घेतो तेव्हा पाच फूट नऊवाला जागेवर बरोबर असून पण हात कमी पडतो, ही पण ऑल-२२ मध्ये स्वच्छ दिसणारी गोष्ट आहे.

आणि बॉब सँडर्सची गोष्ट तर मला अजून लागते. पाच फूट आठ, इंडियानापोलिस, २००७ चा अख्ख्या लीगचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. काय धडकायचा तो माणूस! पण दुखापतींनी आठ सीझनमध्ये मिळून ५० मॅचेसच खेळला. लहान अंगाने मोठ्या अंगावर आदळत राहायचं तर शरीर कधीतरी हिशोब मागतं असं मला वाटतं, म्हणून लहान रुकी सेफ्टी बघताना मी आता तो किती जोरात आदळतो हे बघतच नाही, किती वेळा न आदळता काम करतो ते बघतो.

आता वापरायचं कसं ते सांगतो. आपल्याकडे रविवारची पहिली मॅच रात्री साडेदहाला, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलली की साडेअकराला, आणि दुसरी तर मध्यरात्र उलटल्यावर, सोमवारी ऑफिस असणाऱ्याला कुठे झेपणार. ऑल-२२ ला जागरण लागत नाही, कारण ती मॅच संपल्यावर नंतरच येते. मी डोंबिवली फास्टमध्ये बघायचो पण लोकलमध्ये त्यात मजा नाही, एक तर मध्येच नेटवर्क जातं आणि मुख्य म्हणजे कॅमेरा इतका लांब असतो की मोबाईलवर जर्सीचे नंबर वाचता येत नाहीत, बावीस मुंग्या पळताना दिसतात. घरी टीव्हीवर लावा, निदान लॅपटॉपवर.

पहिल्यांदा बघताना बॉल बघायचाच नाही. एक सेफ्टी धरा, साइडलाइनचा अँगल सोडून एंड झोनच्या मागचा बघा, आणि स्नॅपनंतर (बॉल खेळात आला की) त्याचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं तेवढंच बघत राहा. पहिल्या मॅचला कंटाळा येईल, हे खरं आहे, आवाज नसल्यामुळे जास्तच. पण एकदा डोळा बसला की साधं टेलिकास्ट अपुरं वाटायला लागतं.

पैसे कमी नाहीत. ज्यांना वर्षातून एकदा सुपर बोल आणि हाफटाइम शो बघायचाय त्यांनी या भानगडीत पडू नये. पण फँटसी लीग खेळता, ड्राफ्टवर तावातावाने बोलता, तर घ्याच. मी सध्या सिएटलचा निक एमनवोरी बघतोय, २०२५ चा ३५ वा पिक, सहा फूट तीन, १०० किलो आणि ४० यार्ड ४.३८ सेकंदात, म्हणजे कागदावर परत एक टेलर मेज. मेजसारखा कागदावरच राहतो की चॅन्सेलरसारखा जागा पकडतो हे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचंय त्यांनी त्याच्या रुकी सीझनच्या पहिल्या मॅचेसपासून सुरुवात करा, आणि बघून झालं की खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.